८९७, ६०८, १२६३ : व्हॅलमायर नावाचं गाव कड्यावर गेलं त्याची गोष्ट

सेंट लुईसहून जेफरसन बॅरक्स पुलावरून मिसिसिपी ओलांडली की इलिनॉय लागतं. कोलंबिया गावापाशी हायवे सोडायचा आणि ब्लफ रोडने दक्षिणेकडे निघायचं, डाव्या हाताला चुनखडीचे उभे कडे आणि उजव्या हाताला तळहातासारखी सपाट जमीन, मका नाहीतर सोयाबीन, पार नदीपर्यंत. मी या भागात राहायला आल्यावर पहिल्यांदा या रस्त्याने गेलो तेव्हा एका ठिकाणी चक्रावलोच, कारण रस्ते होते, चौक होते, चार-दोन घरंही होती पण मधे सगळं गवत. गाव कुठाय? तर गाव वर आहे, कड्यावर, चारशे फूट उंच. ते तिथे कसं गेलं आणि जाताना काय काय सांडलं ते इथे लिहितोय. खाजगी माणसांची नावं मुद्दाम टाकलेली नाहीत, तेव्हाच्या महापौराचं तेवढं आहे कारण तो सार्वजनिक माणूस.

पार्श्वभूमी

व्हॅलमायर हे मन्रो काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) गाव, सेंट लुईसच्या दक्षिणेला साधारण तीस मैल. या सगळ्या सखल पट्ट्याला अमेरिकन बॉटम म्हणतात, नदीने हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ, त्यामुळे जमीन म्हणजे लोणी. माणसं इथे फार जुनी आहेत. याच पट्ट्यात उत्तरेला काहोकियाचे मातीचे प्रचंड उंचवटे आहेत, सन ११०० च्या सुमाराला तिथे मोठं शहर होतं. मग १७०० च्या सुमाराला फ्रेंच आले, प्रेरी दु रोशेर हे त्यांचं १७२२ चं गाव अजून आहे. जर्मन शेतकरी एकोणिसाव्या शतकात आले आणि आजही इथल्या दफनभूमीतून फिरलात तर बहुतेक आडनावं जर्मनच दिसतील.

व्हॅलमायर त्या मानाने अगदी पोरगेलं. १९०२ च्या सुमाराला कड्याच्या पायथ्याने रेल्वे आली तेव्हा ते उभं राहिलं, १९०९ मध्ये गाव म्हणून कागदावर नोंद झाली. नाव कसं पडलं तर व्हॅली मधलं व्हॅल आणि मायर हे आडनाव, कारण आजूबाजूला मायर घराणी भरपूर. म्हणजे आपल्याकडे मायरवाडी म्हटल्यासारखंच. रेल्वे, धान्य, वर कड्यातली चुनखडीची खाण, शाळा, दोन चर्च, बार, बँक. मिडवेस्टमधली, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातली, हजार गावं अशीच आहेत, सांगण्यासारखं वेगळं काही नाही.

पूर मात्र पाठीला लागलेलाच. १९१० ला आला, मग १९४३, १९४४ आणि १९४७ असा पाच वर्षांत तीनदा आला. त्यानंतर आर्मी कोअर ऑफ इंजिनीअर्सने, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याने, नदीकाठचे मातीचे बांध, इथे त्यांना लेव्ही म्हणतात, ते उंच आणि भक्कम केले. आणि मग ४६ वर्षं पाणी आलं नाही. या ४६ वर्षांत काय होतं ते बघा, दोन पिढ्या अशा वाढतात की ज्यांनी पूर फक्त आजोबांच्या तोंडून ऐकलाय, बँका बिनधास्त कर्ज देतात, पुराचा विमा कशाला काढायचा असं वाटायला लागतं कारण बांध आहे ना. लेव्ही जितकी भक्कम तितकी तिच्या मागची माणसं निवांत, हे इथलं जुनं दुखणं आहे आणि १९९३ नंतर सगळ्यांनीच ते कबूल केलं.

१९९० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ८९७. हा आकडा लक्षात ठेवा.

अडचण नेमकी काय होती

१९९३ चा उन्हाळा म्हणजे मिडवेस्टमध्ये नुसता पाऊस. नऊ राज्यांत आपत्ती जाहीर झाली. १ ऑगस्टला सेंट लुईसमध्ये नदी ४९.५८ फुटांवर गेली, तिथे पुराची पातळी धरतात ३० फूट. शहराची भिंत ५२ फुटांसाठी बांधलेली होती म्हणून शहर वाचलं. त्याच दिवशी नदीच्या वरच्या अंगाला कोलंबियाजवळची लेव्ही फुटली. आता इथे गंमत अशी, गंमत म्हणायचं नाही खरं तर, की व्हॅलमायरवर पाणी समोरून नदीकडून आलंच नाही. लोक ज्या बांधावर रात्रंदिवस वाळूची पोती रचत होते तिकडून नाही, ते उत्तरेकडून बाजूने आलं. कोलंबियाचा सखल भाग आधी भरला, मग ते पाणी फाउंटन क्रीकचा आडवा बांध ओलांडून एक-दोन दिवसांत गावात घुसलं. गाव आधीच रिकामं केलेलं होतं. काही ठिकाणी सोळा फुटांपर्यंत पाणी चढलं आणि आठवडेच्या आठवडे राहिलं, कारण आता तीच लेव्ही पाण्याला नदीत परत जाऊ देईना, टबमध्ये पाणी साठावं तसं. थोडं ओसरलं, लोकांनी चिखल काढायला घेतला, आणि सप्टेंबरमध्ये परत चढलं.

या दुसऱ्या पाण्याबद्दल फार कमी लिहिलं जातं पण माझ्या मते निर्णय तिथे झाला. पहिल्या पुरानंतर माणूस म्हणतो बघू, धुऊ, रंग काढू. स्वतःच्या हाताने भिंतीचं प्लास्टर खरवडून काढल्यावर दीड महिन्यात तेच घर पुन्हा बुडालं की मग माणूस तसं म्हणत नाही.

बरं, नियमाची आडकाठी पण होती. केंद्राच्या पूरविमा योजनेत असं आहे की दुरुस्तीचा खर्च घराच्या पुराआधीच्या किमतीच्या ५० टक्के किंवा जास्त होत असेल तर ते घर जसं होतं तसं दुरुस्त करता येत नाही, ते ठरवलेल्या पूरपातळीच्या वर उचलावं लागतं. गावातल्या दहातल्या नऊ इमारती या नियमात अडकल्या. म्हणजे घर धुवून परत राहायला जा हा रस्ता कागदावरच बंद.

आणि घड्याळ चालू होतं. शाळा सप्टेंबरला सुरू होणारच, मग पोरांचे वर्ग ट्रेलरमध्ये भरले. माणसं नातेवाईकांकडे, वॉटर्लूला, कोलंबियाला, भाड्याच्या खोलीत, फेमाच्या ट्रेलरमध्ये. फेमा म्हणजे केंद्राची आपत्तीवाली संस्था. तिच्या ट्रेलरच्या वस्तीला लोकांनी फेमाव्हिल नाव दिलं. नोकरी बहुतेकांची सेंट लुईस भागातच, म्हणजे व्हॅलमायरमध्येच राहिलं पाहिजे असं पोटापाण्याचं बंधन नाही. प्रत्येक महिन्याला काही घरं कायमची दुसरीकडे रुजणार हे उघड होतं. तेव्हा प्रश्न दोन होते, माणसं कुठे राहणार आणि ती एकत्र राहणार का. पहिल्याला सरकारकडे उत्तर होतं, दुसऱ्याला कुठल्याच योजनेत रकाना नव्हता.

समोर कोणते पर्याय होते

एक म्हणजे जिथे आहोत तिथेच, पण घरं खांबांवर किंवा भरावावर उचलायची. काही गावांत चालतं हे, जिथे दोन-तीन फुटांचा प्रश्न असतो तिथे. इथे घर दहा-बारा फूट वर न्यायचं म्हणजे ऐंशी वर्षांची आजी रोज जिना चढणार, आणि विटांच्या जुन्या घराला तर उचलणंच अवघड. खर्चही घराच्या किमतीएवढा.

दुसरा पर्याय लेव्ही अजून उंच करा. तो गावाच्या हातात नव्हताच, लेव्हीचं वेगळं मंडळ, शेतकऱ्यांचं, आणि कोअर फक्त होती तेवढी परत बांधून द्यायला तयार. शिवाय एकाची लेव्ही उंच झाली की पाणी समोरच्याच्या दारात. पूर आला त्याच आठवड्यात नदीच्या थोडं खालच्या अंगाला प्रेरी दु रोशेरला काय झालं ते व्हॅलमायरच्या लोकांनी बघितलं होतं. व्हॅलमायरवरून वाहत गेलेलं पाणी त्या गावावर मागून चालून येत होतं तेव्हा कोअरने नदीकडची लेव्ही मुद्दाम फोडली, नदीचं पाणी आधीच आत घेतलं, म्हणजे येणाऱ्या लोंढ्याला उशी मिळावी. गाव वाचलं, शेतं गेली. ते गाव आजही तिथेच आहे आणि लेव्हीवरच भरवसा ठेवून आहे, त्यांचा निर्णय चूक असं मी म्हणणार नाही, त्यांची घरं उभी होती, यांची नव्हती.

तिसरा पर्याय सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त ठिकाणी झालेला, प्रत्येकाने आपापला बायआउट घ्यायचा. सरकार तुमचं घर पुराआधीच्या बाजारभावाने विकत घेणार, त्यातून आधी मिळालेली मदत आणि विम्याचे पैसे वजा, घर पाडणार, जमीन कायमची मोकळी ठेवणार, तिथे परत कधी घर नाही. १९९३ नंतर मिडवेस्टमध्ये दहा हजारांहून जास्त घरं अशी घेतली गेली. घरापुरता हा उपाय चोख आहे पण गाव म्हणून विचार केला तर हे गाव सुटं करून विकणं आहे, जो तो पैसे घेऊन जिथे स्वस्त मिळेल तिथे. आणखी खाली कॅस्कास्किया आहे, १८१८ मध्ये इलिनॉयची पहिली राजधानी असलेलं गाव, १८८१ ला नदीनेच पात्र बदलून त्याला पलीकडे टाकलं, १९९३ ला परत बुडालं. आज तिथे वीस-पंचवीस माणसं राहतात. एकेकाळच्या राजधानीत. गाव संपतं म्हणजे कसं संपतं याचं उदाहरण तासाभराच्या अंतरावर होतं.

चौथा पर्याय, सगळं गावच उचलून वर न्यायचं. हे वेडेपणाचं वाटतं पण अगदी पहिल्यांदाच होत होतं असं नाही, विस्कॉन्सिनमध्ये किकापू नदीवरच्या सोल्जर्स ग्रोव्ह गावाने १९७८ च्या पुरानंतर आपली बाजारपेठ उंचावर हलवली होती. तिथे हिशोब साधा होता, लेव्ही बांधायला जेवढे पैसे लागणार त्याहून ज्या मालमत्तेचं रक्षण करायचं तिची किंमत कमी. पण तिथे मुख्यतः दुकानं हलली. व्हॅलमायरला घरं, शाळा, चर्च, पाणी, ड्रेनेज, पोस्ट सगळंच.

तेव्हाचा महापौर डेनिस नॉब्लोक, बँकेत नोकरी करणारा माणूस, महापौरपद अर्धवेळच. त्याने आणि गावाच्या बोर्डाने एक चांगली गोष्ट केली की स्वतः ठरवलं नाही, लोकांना सभेला बोलावून विचारलं, वर जायचं ठरलं तर तुम्ही येणार का. बहुतेकांनी हो म्हटलं. आता हे हो कसलं होतं ते नीट बघायला हवं. जागा ठरलेली नाही, प्लॉटची किंमत माहीत नाही, बायआउट किती मिळणार माहीत नाही, कधी पूर्ण होणार माहीत नाही, म्हणजे आकडा टाकायच्या आधीच सही. दुसरा इलाजही नव्हता म्हणा, कारण लोक येणार असं दाखवल्याशिवाय सरकार पैसे देणार नाही आणि सरकार पैसे देणार असं दाखवल्याशिवाय लोक थांबणार नाहीत. कोणीतरी आधी उडी मारायची होती, गावाने मारली.

काय केलं

कड्यावर साधारण दोन मैलांवर ५०० एकरांच्या आसपास मक्याचं शेत मिळालं. जमिनीचा मालक विकायला तयार, हे नशीब. गावकऱ्यांनी समित्या केल्या, कोणी रस्ते, कोणी पाणी, कोणी शाळा-चर्च, कोणी घरं. इंजिनीअर नसलेली माणसं ड्रेनेजच्या पाइपचा व्यास काय असावा यावर रात्री अकरापर्यंत भांडत होती. काउंटीच्या वरच्या पातळीवरची नियोजन संस्था कागदपत्रांना मदतीला आली, ही मदत फार मोलाची, कारण अशा गावाकडे अर्ज लिहायला वेगळा माणूसच नसतो.

पैशाचं कोडं असं की एका योजनेत सगळं बसत नाही. फेमाचा पैसा जुनी घरं विकत घ्यायला, नवीन रस्ते टाकायला नाही. रस्ते-पाण्यासाठी दुसऱ्या केंद्रीय खात्याचा पैसा, गृहनिर्माण खात्याचा तिसरा, राज्याचा चौथा. सगळ्या मिळून वीसेक सरकारी संस्थांशी गाठ पडली, प्रत्येकीचा फॉर्म वेगळा, प्रत्येकीची तारीख वेगळी. मधेच एक मोठी मदत झाली, डिसेंबर १९९३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलला. शेजारच्या मिझुरी राज्याचे खासदार व्होल्कमर यांचं ते बिल. त्याआधी अशा कामात केंद्र निम्मा खर्च द्यायचं, तो वाटा ७५ टक्के झाला. तो कायदा झाला नसता तर उरलेला निम्मा पैसा ९०० माणसांच्या गावाने कुठून आणला असता देव जाणे. त्याच महिन्यात वर शेतात पहिली कुदळ पडली.

कुदळ पडली म्हणजे घर उभं राहिलं असं नाही. जमीन चुनखडीची, या काउंटीत विवर पडणं, जमीन आत खचणं नेहमीचं, त्याची तपासणी. खाली चुनखडीची खाण, तिच्या खनिजाच्या हक्कांवरून घोळ. मग पुरातत्त्ववाले, कारण केंद्राचा पैसा आला की जमिनीखाली जुन्या आदिवासी वस्तीच्या खुणा आहेत का ते बघणं कायद्याने भाग आणि खुणा निघाल्या. यातलं एकही काम फालतू नव्हतं. पण प्रत्येक काम आठवडे खात होतं आणि तिकडे ट्रेलरमध्ये दुसरा हिवाळा येत होता. पहिली कुटुंबं नव्या गावात राहायला गेली तेव्हा १९९५ उजाडलं होतं. पुरापासून जवळजवळ दोन वर्षं.

एक बारीकशी गोष्ट, याच १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्याकडे ५२ गावं पूर्ण दुसरीकडे वसवायचं ठरलं. मी तुलना करत नाही, तिकडे हजारोंनी माणसं गेली, इकडे फक्त घरं. पण नवीन गाव आखताना रस्ते रुंद, प्लॉट मोठे, सगळं मोकळं आणि मग शेजारी हाकेवर राहत नाही ही तक्रार दोन्हीकडची आहे हे मला राहून राहून आठवतं.

काय निघालं

आता आकडे. १९९० ला ८९७, २००० ला ६०८, २०१० ला १२६३, २०२० ला १२३३. कागदावर हे यशाचं चित्र आहे आणि बरेच जण ते तसंच सांगतात, बुडालेलं गाव आज पूर्वीपेक्षा मोठं. मी हे आकडे जेवढे बघतो तेवढं मला वाटतं की ते एका गावाचे नाहीतच.

६०८ कडे बघा आधी. ही जनगणना २००० ची, म्हणजे लोक राहायला जाऊन पाच वर्षं झाल्यावरची. मधल्या ट्रेलरच्या दिवसांतला तळाचा आकडा नाहीये तो, नवीन गाव उभं राहिल्यानंतरचा आहे. तेव्हाही तीनातला एक माणूस कमी. आणि याच दहा वर्षांत मन्रो काउंटी २२,४२२ वरून २७,६१९ वर गेली होती, म्हणजे आजूबाजूला सगळीकडे वाढ आणि या एका गावात घट. गेलेली माणसं फार लांब गेली असंही समजायचं कारण नाही, कदाचित दहा मैलांवर वॉटर्लूत सापडतील. ती दोन वर्षं थांबू शकली नाहीत इतकंच.

कोण थांबू शकलं नाही? भाडेकरू तर उघडच, बायआउट घरमालकाला मिळतो, भाड्याने राहणाऱ्याला घराच्या किमतीतलं काही नाही आणि नवीन गावात जुनी स्वस्त खोली असतेच कुठे, सगळं नवं कोरं. मग वयस्कर. समजा एका जोडप्याचं घर १९४० चं, कर्ज केव्हाच फिटलेलं, बाजारभाव कमीच कारण घर जुनं आणि लहान. बायआउट त्या भावाने. वर प्लॉट घ्या, नवीन बांधकाम करा, तर मधला फरक सत्तराव्या वर्षी पुन्हा बँकेचं कर्ज काढून भरायचा. काहींनी भरला. काही म्हणाले नको, आम्ही मुलीकडे जातो. आणि ज्यांच्या घरात शाळकरी पोरं होती त्यांना उलट थांबायचं कारण होतं, ती शाळा.

शाळा हाच माझ्या मते या प्रकरणातला खिळा आहे ज्यावर सगळं टांगलं गेलं. गावाने शाळा दुसऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळा चालवणाऱ्या दुसऱ्या स्थानिक मंडळात, विलीन करू दिली नाही. ट्रेलरमध्ये का होईना व्हॅलमायरचीच शाळा, तीच टीम, पायरेट्स, तोच स्कोअरबोर्ड. गाव नसताना दोन वर्षं गाव म्हणजे ती शाळाच होती. मिडवेस्टच्या छोट्या गावांत शाळा गेली की पाठोपाठ गाव जातं हे इथे कोणालाही विचारा.

मग २००० ते २०१० मध्ये ६०८ चे १२६३, दुपटीहून जास्त. एवढी पोरं कोणी जन्माला घातली नव्हती, हे बाहेरून आलेले लोक. मन्रो काउंटी त्या दहा वर्षांत ३२,९५७ वर गेली, सेंट लुईसला नोकरी करून शांत ठिकाणी नवीन घर हवं असणाऱ्यांची लाट होती, आणि व्हॅलमायरकडे होतं काय तर ५०० एकर, तयार रस्ते, नवं ड्रेनेज, नवी शाळा, पूररेषेच्या पार वर. बिल्डरला अजून काय पाहिजे. म्हणजे सरकारने पुरासाठी केलेल्या खर्चावर एक छानसं उपनगर उभं राहिलं. यात वाईट काही नाही, नवीन लोकांच्या घरपट्टीवरच तर गाव चालतं. पण पुढच्या दहा वर्षांत काउंटी वाढून ३४,९६२ झाली आणि गाव तीसने घटलं, तेव्हा ती लाट ओसरलेली दिसते.

अंतराचं महत्त्व कळायला मिझुरीचं पॅटन्सबर्ग बघा. तेही १९९३ ला बुडालं, तेही उंचावर गेलं, सरकारी मदतीनेच, आराखडा तर यांच्यापेक्षा सुंदर. पण ते वायव्य मिझुरीत, मोठं शहर जवळ नाही. पुराआधी चारशेच्या वर असलेली वस्ती ते परत गाठू शकलं नाही. दोन्ही गावांनी तेच केलं, एकाच्या शेजारी सेंट लुईस होतं.

वरचं गाव दिसायला कसं आहे? वळणदार रस्ते, मोठे प्लॉट, पुढे गॅरेज, मागे डेक. खालच्या गावात घरं लागून, पुढे व्हरांडा, संध्याकाळी रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारली की तो थांबणार. जुन्या मेन स्ट्रीटसारखा सलग बाजार वर झालाच नाही. दुकानदारांना दोन वर्षं गिऱ्हाइकाशिवाय बसणं परवडत नाही आणि घरमालकासारखं त्यांचं हरवलेलं गिऱ्हाईक कोणी बाजारभावाने विकत घेत नाही. खालीही मोजकी घरं राहिलीच, ज्यांचं नुकसान कमी झालं ती. त्यांना कोणी जबरदस्ती केली नाही, ते बरं झालं.

आणि ज्या खडकाने आधी डोकं खाल्लं त्यानेच नंतर थोडी भरपाई केली. कड्यातली जुनी चुनखडीची खाण आता रॉक सिटी नावाने भूमिगत गोदाम म्हणून वापरतात, आतलं तापमान बाराही महिने जवळजवळ सारखं, त्यामुळे नॅशनल आर्काइव्ह्जने केंद्र सरकारची जुनी कागदपत्रं ठेवायला तिथे जागा घेतली. ज्या गावाचे स्वतःचे अल्बम चिखलात गेले त्याच्या पोटात आता देशाचे कागद.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे ते दोन वर्षांचं थांबणं. गाव एका जागी थांबलं असतं तर कमी माणसं गळाली असती असं मला ठामपणे वाटतं. ५०० एकर हातात आल्यावर त्याच्या एका कोपऱ्यात, जिथली तपासणी आधी होईल तिथे, तात्पुरते ट्रेलर लावायची परवानगी सगळ्यात आधी मागायला हवी होती. रोज सकाळी खिडकीतून आपला रस्ता तयार होताना दिसला तर माणूस अजून सहा महिने काढतो. दहा मैलांवरच्या ट्रेलरमधून फक्त अफवा दिसतात.

दुसरं, क्रम. घरमालकांचे प्लॉट आधी आणि बाकीचं मग असा क्रम आपोआप पडला कारण पैसा तसा आला. पहिल्या टप्प्यातच भाड्याची लहान घरं, एका मजल्याची, वयस्करांना आणि भाडेकरूंना चालतील अशी, उभी राहिली असती तर ६०८ चा आकडा कदाचित वेगळा असता. उलट बाजूही सांगतो, तेव्हा महापौराच्या जागी मी असतो तर मीही आधी घरमालकांचंच केलं असतं, कारण त्यांच्या हो वरच सगळा पैसा अडला होता.

तिसरं दुकानांचं. एक छोटा चौक, चार गाळे, गावाच्या मालकीचे, पहिली काही वर्षं नाममात्र भाड्याने. शाळेसाठी जेवढा हट्ट धरला त्याच्या निम्मा बाजारासाठी धरला असता तरी चाललं असतं. आराखडा करताना सगळ्यांच्या डोक्यात घर होतं आणि ते समजण्यासारखं आहे, स्वतः ट्रेलरमध्ये राहणारा माणूस सलूनची जागा कुठे असावी यावर वेळ घालवत नाही. मग ते काम बाहेरच्या कोणीतरी टेबलावर ठेवायचं असतं, आणि वीसेक संस्थांपैकी एकीचंही ते काम नव्हतं.

चौथं बारीक वाटेल पण मी ते वर ठेवीन. पुराच्या पहिल्या आठवड्यातच ८९७ नावांची वही करायची, कोण कुठे गेलं, भाड्याने होतं का स्वतःचं, परत यायचंय का, काय अडतंय, आणि दर महिन्याला फोन करून ती वही पुढे नेत राहायची. जनगणना दहा वर्षांनी डोकी मोजते, कोणाची ते तिला माहीत नसतं. २०१० ला १२६३ लिहिणाऱ्याला त्यातले किती खालून वर आलेले ते त्या एका आकड्यातून कधीच दिसणार नाही, आणि ज्यांना फक्त एका प्लॉटच्या हप्त्याची किंवा एका खोलीची अडचण होती ते १९९४ मध्येच त्या वहीत दिसले असते.